रुमालाखालची मीटिंग

मंगळवार, २४ मार्च

आज मला काम मिळालं. म्हणजे खरं काम. फळमार्केटातल्या गाळ्यावर पेट्या मोजायला मी दीड वर्ष आहेच, त्याला आमच्या तळवलीत कोणी काम म्हणत नाही.

अब्दुर्रहमान शेठ, आमच्या गाळ्याचे मालक, ईदला म्हसळ्याला घरी गेले आणि स्वतःच्याच बागेच्या पायऱ्यांवरून घसरले. मांडीचं हाड गेलं. आता पावसाळ्यापर्यंत खाट. आणि रायगडचा हापूस तर पुढच्या महिन्यात मार्केटला उतरणार. दरवर्षी या दिवसांत शेठ गावोगाव फिरतात, एकेका बागायतदाराच्या पडवीत बसून हंगामाचा सौदा पक्का करून येतात. यंदा कोण फिरणार?

त्यात पुण्याची एक मोठी पार्टी आली आहे. फळांच्या दुकानांची साखळी. त्यांना अख्खा हंगाम एकाच दर्जाचा आंबा पाहिजे. बागायतदारांचा होकार आणि भाव पंधरा एप्रिलपर्यंत कळला नाही, तर ते दुसऱ्या गाळ्यावर जाणार. पार्टी गेली तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर गाळाही गेला, कारण शेठचा जावई विकायला टपलेलाच आहे. तोंडावर बोलतो, "अब्बा, आता आराम करा."

सकाळी शेठचा फोन. "कुंदन, तू ते कॉम्प्युटरचं शिकायचास ना? अर्धवट सोडलंस ते?"

"अर्धवट नाही शेठ. दीड वर्ष केलं."

"तेच ते. मग मीटिंग लाव त्याच्यावर. मी इकडून, बागायतदार आपापल्या घरून, पुणेवाले पुण्याहून. जमेल?"

"जमेल."

मी आयुष्यात कधी मीटिंग लावलेली नाही. कॉलेजात असताना ऑनलाइन लेक्चरला कॅमेरा बंद करून झोपायचो, तेवढाच अनुभव. पण एकदा जमेल म्हटलं की जमवतो, माझं असंच आहे. सर वर्गात म्हणाले होते, "भोईर, तुझ्याने काही होणार नाही," तेव्हा त्यांच्यासमोर जर्नल फाडून बाहेर पडलो तो परत गेलो नाही. आता बघा म्हणावं.

गुरुवार, २६ मार्च

आधी कॉलेजातला लॅपटॉप काढला. गाळ्यावरच्या काउंटरवर ठेवला. मागे पेट्यांची रास, म्हटलं पार्टीला माल दिसू दे. पुण्याहून एकच चौकोन उघडला. खाली नाव, मनस्वी, खरेदी विभाग.

केसांत पेन खोचलेलं. चष्मा डोक्यावर. ती "नमस्कार" म्हणाली आणि मी "हो" म्हणालो.

त्याच वेळी मागे टेम्पो रिव्हर्स घ्यायला लागला आणि हमालांनी "बाजू, बाजू" सुरू केलं. ती घाबरली. "तुमच्याकडे भांडण चाललंय का? आपण नंतर बोलू या का?"

"नाही मॅडम, प्रेमाने चाललंय सगळं."

प्रेमाने. हाच शब्द कसा तोंडात आला देव जाणे.

शेवटी ती म्हणाली, "कुंदन, एक सांगू? ही मीटिंग कशासाठी होती ते मला अजून कळलं नाही. पुढच्या वेळी विषय आधी एका ओळीत पाठवाल?"

मी आजपर्यंत कोणाला काही पाठवावं असं कोणालाच वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २७ मार्च

उद्याची मीटिंग ठेवली. विषय एका ओळीत पाठवला, "आंबा."

तिचं उत्तर आलं, "आंब्याबद्दल काय ठरवायचं आहे?" किती बारकाईने वाचते.

शनिवार, २८ मार्च

आज पाऊण तास बोललो. पेटीत किती डझन, फळाचं वजन किती, देठाची काडी किती ठेवायची, पेंढा की कागद. सगळं ठरलं. ठरून झालं तरी मी विचारत राहिलो. आंबे कुठल्या बाजूने ठेवायचे तेही विचारलं.

ती म्हणाली, "जे पाच मिनिटांत होतं त्याला पंचेचाळीस मिनिटं नका ठेवू. मी तुमच्यासाठी सांगतेय. तुमचाही वेळ जातो."

माझ्या वेळाची काळजी. आमच्या घरात कोणाला नाही.

मी लगेच मंगळवारी परत मीटिंग ठेवली, मीटिंग छोट्या कशा करायच्या त्यावर.

मंगळवार, ३१ मार्च

गाळ्यावर आवाज फार म्हणून अंकुशच्या टेम्पोत बसलो. अंकुश आमच्या गल्लीतला, पुण्याची फेरी तोच मारतो. काचा बंद केल्या, लॅपटॉप डॅशबोर्डवर, मी घामाने निथळतोय पण आवाज एकदम स्वच्छ. आज पहिल्यांदाच तिला "काय?" असं विचारावं लागलं नाही.

मी छान बोलत होतो. तीन मुद्दे लिहून नेले होते, प्रत्येकाला किती वेळ तेही. दुसऱ्या मुद्द्यावर ती म्हणाली, "कुंदन, तुमच्या मागचं झाड पळतंय."

अंकुशने टेम्पो काढला होता. मी त्याला खुणा करतोय, तो म्हणतो, "गेटवर नंबर लागलाय, तुझी मॅडम थांबेल, नंबर थांबनार नाय." मॅडमनी ऐकलं. मी तिसरा मुद्दा सानपाड्याच्या पुलावर संपवला. वेळेत संपवला, हे महत्त्वाचं.

ती म्हणाली, "हे मात्र चांगलं जमलं. मुद्दे, वेळ, आणि शेवटी कोणी काय करायचं ते. असंच ठेवा म्हणजे फार वेळा भेटावं लागणार नाही."

चांगलं जमलं, म्हणाली. तिथून मी तळवलीपर्यंत हसत आलो. अंकुश म्हणतो, "उन्हात तापलास तू."

गुरुवार, २ एप्रिल

आईने पकडलं. घरून मीटिंग होती म्हणून आरशासमोर उभा होतो, तर दारातून म्हणाली, "मीटिंगला भांग पाडून कोन बसतं रं?"

"आई, ऑफिसचं असतं तसं."

"तुजे बाबांनी शेत इकला तवा पन एवरा भांग पारला नव्हता. पोरीचा नाव काय?"

"कुठली पोरगी? खरेदी विभाग आहे तो."

"बरा. त्या खरेदी इभागाला जेवाला बोलव कधी."

शनिवार, ४ एप्रिल

मंगळवारी मोठी मीटिंग. पाच बागायतदार, शेठ, मनस्वी आणि तिचे साहेब. मी म्हणजे यजमान. स्क्रीनवर तसंच येतं. सगळ्यांना आत घ्यायचं, कोणी बोलायचं, कोणाचा आवाज बंद ठेवायचा, सगळं माझ्या हातात.

तिने शिकवलेलं सगळं केलं. विषय, "पुण्याच्या पार्टीला हंगामभर आंबा: कोण किती पेट्या देणार आणि कोणत्या भावाने." पुढे प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे दोन मिनिटं. तिचाच नियम, ऑनलाइन मीटिंगमध्ये "कोणाला काही बोलायचंय का" असं विचारायचं नाही, नाव घेऊन विचारायचं, नाहीतर सगळे भिंतीसारखे बसतात.

शेठना वाचून दाखवलं. म्हणाले, "भावाचं राहू दे. ते मी बघतो एकेकाशी."

"शेठ, साहेबांना सगळं एकाच बैठकीत पाहिजे. उघड. आता रुमालाचे दिवस गेले."

आमच्या मार्केटला जुने लोक अजून रुमाल टाकतात. दोघांनी हात मिळवायचे, वरून रुमाल, आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बाजूला उभं राहिलेल्याला काही कळत नाही. मला ते बघून हसू येतं. दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून ढगाकडे बघत उभे.

शेठ म्हणाले, "नबीला, हा फोन जरा गरम झालाय, ठेव." नबीला त्यांची धाकटी मुलगी, शाळेत शिकवते, फोन धरायचं काम तिच्याकडे आहे. ठेवता ठेवता म्हणाली, "कुंदन, मीटिंगमध्ये तुम्ही कॅमेऱ्यात बघत नाही. खाली उजव्या कोपऱ्यात बघता. तिथे कोण असतं?"

मी म्हटलं, घड्याळ.

मंगळवार, ७ एप्रिल

सगळं संपलं.

अकराला सगळे वेळेवर आले. धनाजी अण्णा, सगळ्यात मोठी बाग त्यांची, कानाला फोन लावून बसलेले, त्यामुळे आम्हाला नुसता कान दिसत होता. मेहरुनआपा डोक्यावर पदर घेऊन ओट्यावर. बाकी तिघे. साहेब आले, मनस्वी आली, आज केस मोकळे. मी विषय वाचून दाखवला. पेट्यांचे आकडे पटापट आले. साहेब खूश. मनस्वीने मान हलवली. मला वाटलं, आता मी उडणार.

मग मी म्हटलं, "धनाजी अण्णा, भाव बोला. तुमची दोन मिनिटं."

कान हलला नाही.

"अण्णा?"

"बघू," अण्णा म्हणाले.

"बघू नाही अण्णा, आकडा सांगा."

मग स्क्रीनवर त्यांचा पंखा दिसायला लागला, नुसता छताचा पंखा. मी मेहरुनआपांचं नाव घेतलं. आपा म्हणाल्या, "आवाज येत नाही हो बाळा." आत्तापर्यंत येत होता. तिसऱ्याचं नेट गेलं. चौथ्याकडे पाहुणे आले. पाचवा म्हणाला, धनाजी अण्णा बोलतील तसं. आणि अण्णांचा पंखा फिरतोय.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मनस्वी खाली बघायला लागली. माझ्या डोक्यात रक्त चढलं. दीड आठवडा राबलो, एकेकाला फोन करून बटण कुठलं दाबायचं शिकवलं, आणि हे पंखा दाखवतात. मी बोललो, "नेट गेलंय का हिंमत गेली? व्यापार करताय ना? मग तोंडाने भाव सांगायला लाज कसली?"

सगळे एकदम बोलायला लागले. अण्णांचा आवाज सगळ्यात वर. आणि मी ते बटण दाबलं, सगळ्यांचे आवाज बंद करायचं.

एकदम शांत. नुसती तोंडं हलताहेत. अण्णा आता पूर्ण दिसत होते, लाल झालेले, बोट नाचवत होते, आणि एक शब्द ऐकू येत नव्हता. शेठचंही तोंड हलत होतं. मी शेठचाही आवाज बंद केला होता.

अण्णांनी बोलणं थांबवलं. दोन क्षण माझ्याकडे बघितलं. मग चौकोन गेला. मग आपांचा. एकेक करत सगळे.

मनस्वी म्हणाली, "आपण नंतर बोलू, कुंदन."

संध्याकाळी नबीलाचा मेसेज. अण्णा यंदा दुसऱ्या गाळ्यावर माल देणार. बाकीचेही त्यांच्यामागे.

बुधवार, ८ एप्रिल

गाळ्यावर गेलो नाही.

दुपारी शेठचा फोन आला. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "धनाजीच्या वयाच्या माणसाचं तोंड तू हाताने दाबलंस, आणि ते पण परक्यासमोर. चूक काय झाली ते कळायला इथे ये. फोनवर नाही सांगणार."

जावई कालच येऊन गेला म्हणे. एक गिऱ्हाईक घेऊन आला होता, गाळ्याला.

शुक्रवार, १० एप्रिल. म्हसळा

अंकुश या बाजूला पेट्यांच्या फळ्या घेऊन येत होता, त्याच्याबरोबर आलो. वाटेत तो म्हणाला, "तुला मानसं दिसत नाहीत रे चौकोनात. तुला एकच चौकोन दिसतो." त्याला काय कळतं.

शेठ पडवीत खाटेवर. पाय प्लास्टरमध्ये, वर उशीवर. मी खाली मान घालून उभा. ते म्हणाले, "बस. हात दे."

मी दिला. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी आमच्या हातांवर टाकला. आत त्यांनी माझी बोटं धरली. आधी चार धरली, दाबली. मग दोन. सोडली. मग मधलं अर्धं. आणि चेहरा असा की खाडीकडे बघतोय, काही चाललेलंच नाही.

"काय सांगितलं मी?"

"माहीत नाही शेठ."

"आणि नबीलाला कळलं?"

नबीला दारात होती. "मला तर तुम्ही त्याचा हात धुताय असं वाटलं."

"झालं मग." शेठ मागे टेकले. "मेहरुनचा नवरा गेला तेव्हापासून मी तिला धनाजीपेक्षा थोडं जास्त देतो. धनाजीला ते माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत कानाने ऐकणं वेगळं. ऐकलं की धनाजीला भांडावं लागतं. नाही भांडला तर गाव हसेल. आणि मेहरुनला नको म्हणावं लागतं, घेतलं तर ती दया झाली. हा रुमाल लपवायला नसतो पोरा. माणसांना शेजारी राहता यावं म्हणून असतो."

मी रुमालाकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, हसू न येता.

आणि मग, ते बोलत असतानाच, मला एकदम आठवलं. त्या मीटिंगमध्ये एक बटण आहे. मी कधी दाबलं नव्हतं. माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत पाठवायचं बटण. आत जे दोघे असतील तेच एकमेकांना ऐकतात. यजमानालाही, तो स्वतः आत गेला नाही तर, काही कळत नाही.

मी उठून उभाच राहिलो. "शेठ, रुमाल आहे."

"कुठे?"

"त्याच्यात. लॅपटॉपात. रुमाल आहे त्याच्यात."

नबीला म्हणाली, "अब्बा, याला पाणी देऊ का?"

शनिवार, ११ एप्रिल

सकाळी धनाजी अण्णांच्या बागेत गेलो. चालत. अण्णा काठीला जाळी लावलेल्या झेल्याने आंबा काढून दाखवत होते कोणाला तरी, मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मी तिथेच उभा राहिलो. ऊन चढलं. शेवटी जवळ आले आणि म्हणाले, "काय? आमचा आवाज चालू हाय का आता?"

"अण्णा, चुकलं."

"काय म्हनालास? नेट बरा नाय, ऐकू नाय आला."

"चुकलं म्हटलं, अण्णा."

"हां. आता आला." पण हसले नाहीत. "तुला राग येतो तवा तू बटन दाबतोस. आमी काय दाबायचा?"

मी फोन काढून त्यांना ती खोली दाखवली. नबीला घरून दुसऱ्या फोनवर आली, ती एका खोलीत, अण्णा दुसऱ्या. मी बाहेर उभा राहून ओरडलो, "अण्णा, काही ऐकू येतंय तिचं?" अण्णांनी फोन उलटा करून बघितला, मागे कोणी आहे का ते. मग मला म्हणाले, "आनि तू? तू ऐकशील ना यजमान?"

"मी आत येणार नाही अण्णा. माझी शप्पथ."

"तुझ्या शपथेचा काय करू? तुझ्या शेठची घे."

शेठची घेतली, आणि बुधवारी परत मीटिंग आहे म्हणून सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "बुधवारी बघू." बघू म्हणजे काय, ते मला मंगळवारी कळलं आहे. म्हणून अजून काही पक्कं धरत नाही. पण निघताना आपांच्या दारावरून आलो, त्यांनी हातावर दोन कच्च्या कैऱ्या ठेवल्या. कैऱ्या देणारी माणसं रागावलेली नसतात, असं मी धरून चालतोय.

सोमवार, १३ एप्रिल

मनस्वीला सगळं लिहिलं. चार ओळींत. बुधवारी शेवटची मुदत आहे, बुधवारीच मीटिंग, भाव एकेकाचा वेगळा ठरेल, तुम्हाला शेठ एक सरासरी भाव देतील, आत काय झालं ते कोणी विचारायचं नाही.

तिने तिच्या साहेबांना पटवलं. कसं पटवलं माहीत नाही. मला एवढंच लिहिलं, "हे पत्र फार व्यवस्थित आहे." पत्र. मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा आईने दिवा बंद केला.

बुधवार, १५ एप्रिल

लिहितोय आणि पाय जमिनीला लागत नाहीत.

गाळा आज अर्धा दिवस बंद ठेवून घेतला. हमालांना चहा पाजून लांब बसवलं. अकराला साहेब आले, मनस्वी आली, शेठ आले. बागायतदारांचे चौकोन रिकामे. अकरा-पाच. साहेब बाटलीतून पाणी प्यायले.

मग आपा आल्या. मग दोघे. मग पंखा दिसला, आणि पंखा खाली सरकून अण्णांचा चेहरा झाला. पाचवा अण्णांच्या शेजारीच बसलेला, त्याचा फोन चार्ज नव्हता.

मी म्हटलं, "मंडळी, आधी एक. गेल्या आठवड्यात मी सगळ्यांसमोर चुकलो, म्हणून सगळ्यांसमोरच सांगतो, माफ करा. आता शेठ एकेकाशी बोलतील. त्या वेळी कोणीच ऐकणार नाही. मी पण नाही."

आपांना पहिल्या खोलीत पाठवलं, शेठबरोबर. बाकीच्यांना आपापल्या खोलीत थांबायला. नबीलाने शेठसमोर फोन टेकवून ठेवला आणि उठून बाहेर गेली, ते तिने नंतर सांगितलं. साहेबांना दुसरा फोन आला, ते कॅमेरा बंद करून गेले.

आणि मोठ्या खोलीत कोण राहिलं? मी आणि ती.

हे मी ठरवून केलं नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं.

ती म्हणाली, "आता काय करायचं?"

"वाट बघायची."

"आत काय चाललंय?"

"मला कळू नये अशीच सोय आहे, मॅडम."

"म्हणजे तुम्ही ठेवलेली मीटिंग पहिल्यांदाच तुमच्याशिवाय चालली आहे."

"हो."

"मग चांगली होणार." आणि ती थोडीशी हसली. हे कौतुकच ना? मला वाटतं कौतुकच.

मी म्हटलं, "एक विचारू का?"

"विषयात आहे?"

"नाही."

"मग पटकन विचारा."

तोंडापर्यंत आलं होतं. सगळं. पण तोंडाने सांगायला धीर कसा होत नाही ते मला आज कळलं, धनाजी अण्णांसारखा मीही छताकडे बघायला लागलो. आणि विचारलं काय, तर, "तुम्हाला हापूस आवडतो की पायरी?"

"पायरी," ती म्हणाली. "पण साहेबांना सांगू नका."

म्हणजे आमच्या दोघांत एक गोष्ट आहे जी साहेबांना माहीत नाही.

आपा बाहेर आल्या. चेहरा खाडीकडे बघत असल्यासारखा. मग एकेक करत बाकीचे, पाचवा अण्णांचाच फोन घेऊन अंगणात जाऊन. शेवटी अण्णा आत गेले, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. साहेब परत आले. मला घाम. इतका वेळ? भांडण झालं? मला आत जायचं बटण दिसत होतं. एक बोट लावलं की मी आत, आणि कोणी मला अडवू शकत नव्हतं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसलो. मनस्वीला दिसलं असावं, कारण तिने विचारलं, "बरं आहे ना?"

अण्णा आले. डोक्यावर पंचा होता, केस विस्कटलेले. घरातल्यांनी बघू नये म्हणून अण्णा फोनसकट पंच्याखाली जाऊन बसले होते. शेठ नंतर सांगतात, "अंधारात मला नुसती पाच बोटं दिसत होती. पण धनाजीची बोटं मी चाळीस वर्षं ओळखतो."

अण्णा म्हणाले, "आमचा झाला."

शेठ म्हणाले, "सगळ्यांचं झालं. साहेब, हा सरासरी भाव." आणि आकडा सांगितला. साहेबांनी मनस्वीकडे बघितलं, मनस्वीने कागदावर काहीतरी केलं, मान हलवली. साहेब म्हणाले, "डन."

पाचही बागा आमच्याच गाळ्यावर. गाळा राहिला. शेठ चष्मा काढून पुसत बसले, आणि कॅमेऱ्यात नबीलाचा हात आला, पाण्याचा पेला घेऊन.

आता जे झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण मलाच अजून नीट कळलेलं नाही.

साहेब एकदम जोरात आले. म्हणाले, "कुंदन, तुम्ही मीटिंग उत्तम घेता. असं करू, हंगाम संपेपर्यंत दर मंगळवारी भेटू. सगळे. एक तास. आणि शुक्रवारी तुम्ही आणि मनस्वी वेगळे बसा, आकड्यांवर."

दर शुक्रवारी. मी आणि मनस्वी. जूनपर्यंत.

मी तोंड उघडलं. आणि बघितलं तर आपांचा चेहरा पडला होता. तोडीच्या दिवसांत एक तास म्हणजे उन्हाआधीचा सगळा आंबा झाडावर राहतो. अण्णांच्या मागे बाग दिसत होती, माणसं झेले घेऊन थांबलेली, अण्णांसाठी. आणि मनस्वीने डोळे मिटून घेतले होते. दोन क्षणच. तिच्या बाबतीत का, ते मला कळलं नाही.

माझ्या तोंडून निघालं, "नको साहेब. गरज नाही. रोज सकाळी पेट्यांचा आकडा मेसेजवर येईल. माल बिघडला, फळ डागी निघालं, तरच मीटिंग. नाहीतर ज्याने त्याने आपलं काम करावं."

एवढा वेळ शांतता की मला वाटलं मी परत कोणाचा तरी आवाज बंद केला.

अण्णा म्हणाले, "पोरगा शिकला."

आणि मनस्वी हसली. अगदी मोकळी. मागे टेकून. एवढी मी तिला कधी हसताना बघितली नव्हती, एवढ्या मीटिंगा झाल्या त्यांत कधीच नाही. म्हणाली, "थँक यू, कुंदन. मनापासून." आणि हात हलवून चौकोन बंद झाला.

मनापासून, म्हणाली.

सोमवार, २० एप्रिल

पहिला माल आला. पहाटे अंकुशने टेम्पो गाळ्याला लावला, पाच बागांच्या पेट्या. वास असा की बाजूच्या गाळ्यावरचे लोक उगाच येऊन उभे राहत होते. शेठचा व्हिडिओ कॉल, टेम्पोच्या पाठीपर्यंत फोन नेऊन दाखव म्हणाले. नाव घेऊन पेट्या दाखवल्या, धनाजी, मेहरुन, सगळ्यांच्या. जावईही आला होता. त्याने एक आंबा हुंगला आणि पेटीत परत ठेवला.

पुण्याला निघायच्या आधी तपासणी मी केली. एरवी दहातली एक पेटी उघडतो. आज सगळ्या उघडल्या. अंकुश खवळला, "अरे उशीर होतोय, काय शोधतोस?"

मी एकेक फळ फिरवून बघितलं, देठ, बूड, दोन्ही गाल. अण्णांच्या पेट्या तर दोनदा.

एकही आंबा डागी नाही. मीटिंग ठेवावी असा एकही नाही. अशा मालाचं माणसाने करायचं काय?